तुरुंगांतल्या रोग्याचा वाली कोण ?

आपल्या मढ गांवीं एखादें माणूस आजारी पडलें म्हणजे काय होतें हें येथील शेंबड्या पोरासही ठाऊक आहे. आधीं दोन दिवस ताप अंगावर काढावयाचा. तो उतरला नाहीं म्हणजे २७१ नंबरची बस धरून मालाड गांठावयाचें, नाहीं तर तरींत बसून वेसाव्यास उतरावयाचें आणि तेथून पुढें अंधेरीकडे रिक्षा करावयाची. गांवांत मोठें इस्पितळ नाहीं, आणि मार्व्याच्या रस्त्यावर गर्दी जमली म्हणजे रोग्याचे आणि त्याच्या नातलगांचे प्राण एकदमच कंठाशीं येतात. ह्या दुःखाविषयीं लिहावयाचें तितकें थोडें. परंतु आज आम्हांस ज्या रोग्याविषयीं लिहावयाचें आहे त्याला बस धरतां येत नाहीं, तरींत बसतां येत नाहीं, शेजाऱ्यास हांक मारून खांदाही मागतां येत नाहीं. तो रोगी तुरुंगांत आहे.

तुरुंगाचें नांव निघतांच आमच्या वाचकांपैकीं निम्मे जण पान उलटतील हें आम्ही जाणून आहों. चोराचिलटांचे लाड कशाला, असें ते म्हणतील. वाचकहो, जरा थांबा. सरकारी गुन्हे-नोंदणी खात्याचा सन २०२२ चा अहवाल पाहा. त्या वर्षाअखेर हिंदुस्थानच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसें होतीं. त्यांपैकीं ४,३४,३०२ माणसें, म्हणजे शेंकडा पाऊणशें, हीं गुन्हेगार नव्हतींच. कोर्टानें त्यांना अद्याप दोषी ठरविलेलें नव्हतें. तीं कच्चे कैदी होतीं. खटल्याची तारीख लागण्याची वाट पाहत बसलेलीं. म्हणजे आपण ज्यांना चोर म्हणून मोकळे होतों त्या चौघांतले तिघे चोर आहेत कीं साव आहेत हें सरकारासच ठाऊक नाहीं. आणि उरलेला चौथा, ज्याला शिक्षा झाली आहे, त्यालाही न्यायाधीशानें कैदेची शिक्षा दिली आहे. क्षयाची, मधुमेहानें पाय सडण्याची किंवा हृदय बंद पडण्याची शिक्षा कोणत्याही निकालपत्रांत लिहिलेली नसते.

हे लोक कोण, हेंही एकदां उघड बोलावें. त्याच सरकारी अहवालावरून दिसतें कीं तुरुंगांतील सुमारें दोन तृतीयांश माणसें दलित, आदिवासी आणि मागासलेल्या म्हटलेल्या जातींचीं आहेत. तितकींच माणसें दहावी इयत्तेच्या पलीकडे शिकलेलीं नाहींत. ज्यांच्यापाशीं जामिनाचे पैसे नाहींत, वकिलाची ओळख नाहीं आणि अर्ज लिहिण्यापुरतें अक्षर नाहीं, तींच माणसें आंत राहतात. बाकीचीं बाहेर येतात. मग आमच्यासारख्या पत्रानें ह्यांच्याविषयीं बोलावयाचें नाहीं तर कोणीं बोलावयाचें ?

एक आई डोळ्यांपुढें आणा. तिचा मुलगा मालवणीच्या ठाण्यांत धरला गेला, बोरिवलीच्या कोर्टांत उभा राहिला, त्याला कोठडी झाली, आणि तेथून त्याची रवानगी आर्थर रोडला, ठाण्याला, कल्याणला किंवा तळोज्याला झाली. मुलाला लहानपणापासून मिरगीचा आजार. रोज सकाळ-संध्याकाळ एक गोळी चुकली कीं पोर कोसळतें. ही बाई गोळ्यांचें पाकीट पदरांत बांधून तुरुंगाच्या दरवाजापाशीं उभी राहते. दरवाजावरचा शिपाई सांगतो, तुरुंगाच्या डॉक्टरचा हुकूम असल्याशिवाय बाहेरचें औषध आंत जात नाहीं. नियम वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. औषधाच्या नांवाखालीं आंत काय काय जातें तें आम्हांसही ठाऊक आहे. पण मग तो डॉक्टर त्या पोराला त्याच दिवशीं भेटला पाहिजे कीं नको ? डॉक्टर आज रजेवर, उद्यां सुट्टी, परवां कोर्टाची तारीख, असें करतां करतां चार दिवस गेले तर मिरगी कांहीं सरकारी सुट्टी पाळून येत नाहीं.

ज्याच्या हातीं कुलूप त्याच्या शिरीं काळजी. आम्ही मढवासी बाहेर आहों. आमच्या गांवांत इस्पितळ नसलें तरी आम्ही पायानें चालूं शकतों, कर्ज काढूं शकतों, दुसऱ्या डॉक्टराकडे जाऊं शकतों. आंतल्या माणसाचे हे सगळे मार्ग सरकारानें स्वतःच्या हातांनीं बंद केलेले आहेत. म्हणून “बाहेरच्याला मिळत नाहीं तर आंतल्याला कां ?” हा जो प्रश्न आमच्याच कोळीवाड्यांत आम्हांस विचारला जातो, त्याचें उत्तर एवढेंच कीं बाहेरच्यालाही मिळालें पाहिजे, आणि त्यासाठीं आपण भांडूंच, पण आंतल्याचें देणें हें सरकारावर दुहेरी आहे.

हें आम्ही नवीन सांगत आहों असेंही नाहीं. गोऱ्या सरकारानें सन १८९४ मध्यें तुरुंगांचा कायदा केला. त्या सरकारला कैद्यांचा पुळका होता असें कोणी म्हणणार नाहीं. तरी त्यानें त्या कायद्यांत लिहिलें कीं प्रत्येक तुरुंगास वैद्यकीय अधिकारी असलाच पाहिजे. प्रत्येक तुरुंगांत इस्पितळ किंवा रोग्यांसाठीं योग्य जागा असली पाहिजे. नवा कैदी आल्याबरोबर डॉक्टरनें त्याला तपासून त्याच्या अंगावरील जखमा आणि प्रकृति वहींत टिपून ठेवली पाहिजे. आजारी कैद्यानें डॉक्टरला भेटावयाचें म्हटलें तर शिपायानें तें जेलरला विनाविलंब कळविलें पाहिजे. हें सव्वाशें वर्षांपूर्वींचें लिखाण आहे. हल्लींच्या सरकारनें सन २०१६ मध्यें नमुन्याची तुरुंग-नियमावली केली, तींत तीनशें कैद्यांमागें एक डॉक्टर असावा असें सांगितलें. सन २०२५ च्या इंडिया जस्टिस रिपोर्टांत जो हिशेब आला आहे त्याप्रमाणें देशांत प्रत्यक्ष ७७५ कैद्यांमागें एक डॉक्टर पडतो. मनाच्या रोगांची तर गोष्टच नको. साडेपांच लाखांहून अधिक कैद्यांना मिळून मानसतज्ज्ञ किती, तर पंचवीस ! जत्रेंत एक पाणपोई ठेवून गांवाची तहान भागविल्याचा अहवाल लिहावा, तसा हा प्रकार.

आपल्या मुंबईचा आर्थर रोडचा तुरुंग घ्या. तो बांधला ८०४ माणसांसाठीं. अलीकडच्या वर्षांत तेथें तीन हजारांवर माणसें कोंबल्याचें वारंवार छापून आलें आहे. ज्याला अंग टाकावयास वीतभर जागा नाहीं, ज्याचा श्वास शेजाऱ्याच्या तोंडावर पडतो, त्याला एकाचा खोकला दुसऱ्यास लागण्यास किती वेळ लागणार ? मे २०२० मध्यें करोनाची सांथ त्या तुरुंगांत शिरली आणि पाहतां पाहतां सत्तरांहून अधिक कैद्यांना ती लागली. तेव्हां सरकारची झोप उडाली. सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमावरून नेमलेल्या उच्चाधिकार समितीनें ११ मे २०२० रोजीं ठरविलें कीं राज्यांतील सुमारें १७,००० कैदी तात्पुरते सोडावे. सोडलेही पुष्कळ. ह्यावरून एक गोष्ट सिद्ध झाली. गर्दी कमी करणें सरकारास अशक्य नाहीं. मनावर घेतलें म्हणजे होतें. मग सांथ नसतांना तें मनावर कां घेतलें जात नाहीं ? क्षय हीदेखील सांथच आहे. ती हळू चालते आणि वर्तमानपत्रांत तिचे आंकडे रोज छापत नाहींत, इतकाच फरक. आणि तुरुंगाच्या भिंती माणसांना अडवितात, जंतूंना अडवीत नाहींत. आज आंत खोकणारा माणूस सहा महिन्यांनीं जामिनावर सुटून मालवणीच्या दहा फुटी खोलींत आपल्या चिल्यापिल्यांत येऊन निजणार आहे. ज्यांना कैद्याची दया येत नाहीं त्यांनीं निदान स्वतःच्या मुलांची तरी यावी.

आतां रोगी इस्पितळांत नेण्याचा प्रकार ऐका. तुरुंगाच्या डॉक्टरनें चिठ्ठी लिहिली कीं ह्याला जे. जे. इस्पितळांत दाखवा. चिठ्ठी झाली, पण पोलिसांची तुकडी पाहिजे. तुकडी शहराच्या सशस्त्र पोलिसांतून यावयाची. त्या दिवशीं गणपतीचा बंदोबस्त, दुसऱ्या दिवशीं सभेचा, तिसऱ्या दिवशीं कोणा बड्या पाहुण्याची स्वारी. तुकडी नाहीं म्हणून तारीख हुकली. हुकलेली तारीख इस्पितळांतून पुन्हां मिळावयास पुन्हां महिना. गांठ मुठीएवढी होती ती नारळाएवढी होते, आणि कागदावर शेरा पडतो कीं रोग्यास वेळोंवेळीं योग्य उपचार देण्यांत आले. चूक शिपायाची नसते, डॉक्टरचीही नसते. चूक कोणाचीच नसणें हीच ह्या कारभाराची खुबी आहे.

बड्या लोकांचें मात्र निराळें. एखादा शेटजी किंवा पुढारी पकडला गेला म्हणजे तुरुंगाची पायरी चढण्यापूर्वींच त्याच्या छातींत कळ निघते. लागलीच तुकडी मिळते, गाडी मिळते, इस्पितळांत खोलीही मिळते, आणि महिना दीड महिना ती कळ कांहीं केल्या थांबत नाहीं ! आम्ही त्यांच्यावर जळत नाहीं. त्यांना जें मिळतें तें कायद्यानेंच मिळतें असें आम्ही धरून चालतों. आमचें म्हणणें एवढेंच कीं ज्या कायद्यानें शेटजींची कळ दिसते त्याच कायद्यानें बोंबील वाळविणाऱ्याच्या पोराची मिरगीही दिसावी.

कोणी म्हणेल कीं हे अंदाजाचे ढोल आहेत. तर घडलेल्या गोष्टी सांगतों. रांचीकडे आदिवासींत काम करणारे पाद्री स्टॅन स्वामी ह्यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजीं पकडून तळोज्याच्या तुरुंगांत ठेवलें. वय त्र्याऐंशी. अंगांत कंपवात. हात इतके थरथरत कीं पेला ओठांशीं नेतां येईना. नोव्हेंबरांत त्यांनीं कोर्टांत अर्ज केला कीं मला पाणी पिण्यास नळी आणि झांकणाचा पेला मिळावा. ह्या मागणीस उत्तर देण्यास तपास खात्यानें वीस दिवसांची मुदत मागितली, आणि वीस दिवसांनंतर सांगितलें कीं तो पेला आमच्यापाशीं नाहीं ! चार आण्यांची नळी. तिच्यासाठीं वकील, अर्ज, तारीख आणि निकाल. तळोज्याच्या त्या तुरुंगांत तीन आयुर्वेदिक डॉक्टरांवर काम चालतें असें तेव्हां उच्च न्यायालयापुढें सांगण्यांत आलें. मे २०२१ मध्यें त्यांची प्रकृति ढासळली. २८ मे रोजीं उच्च न्यायालयानें त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली इस्पितळांत हलविण्याचा हुकूम दिला. तेथें तपासतांना त्यांना करोना झालेला आढळला. ५ जुलै २०२१ रोजीं, जामिनाच्या अर्जाची सुनावणी चालू असतांनाच, ते वारले. त्यांच्यावरील आरोप खरा कीं खोटा ह्या वादांत आम्ही पडत नाहीं. तो कोर्टानें ठरवावयाचा होता आणि आतां तो कधींच ठरणार नाहीं.

त्याच प्रकरणांतील कवि वरवरा राव ह्यांची गोष्ट वेगळी घडली. तीही सांगितली पाहिजे, कारण न्यायाचें जें होतें तें आम्ही झांकून ठेवणार नाहीं. २२ फेब्रुवारी २०२१ रोजीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें त्यांना केवळ प्रकृतीच्या कारणासाठीं सहा महिन्यांचा जामीन दिला. ऐंशी वर्षांच्या खंगलेल्या माणसाला पुन्हां तळोज्याला धाडणें म्हणजे त्याचा जीव धोक्यांत घालणें होय, असा त्या निकालाचा रोंख होता. हा निकाल प्रत्येक जिल्हा कोर्टाच्या भिंतीवर चिकटवून ठेवावा असें आम्हांस वाटतें.

पण स्वामी आणि राव हीं माणसें नांवाजलेलीं. त्यांच्यासाठीं वकील धांवले, देशोदेशींचीं वर्तमानपत्रें ओरडलीं. गडचिरोलीचा एक आदिवासी तरुण, वय तेहेतीस, जन्मठेप भोगीत नागपूरच्या तुरुंगांत होता. तापानें पडला आणि २५ ऑगस्ट २०२२ रोजीं सरकारी इस्पितळांत मेला. डुकरांचा ताप म्हणतात तो त्याला झाला होता. पुढें पन्नासच दिवसांनीं, १४ ऑक्टोबर २०२२ रोजीं, उच्च न्यायालयानें तो सारा खटला रद्द ठरवून सगळ्यांस सोडलें. मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल फिरवून फेरसुनावणी करविली, आणि ५ मार्च २०२४ रोजीं उच्च न्यायालयानें पुन्हां सगळ्यांस निर्दोष सोडलें. दोनदां निर्दोष ठरलेल्या त्या माणसाला घरीं यावयाचें राहून गेलें. त्याच्यासाठीं कोणत्या गांवच्या चौकांत सभा झाली ? सन २०२२ सालांत देशांतील तुरुंगांत १,९९५ माणसें मेलीं, आणि त्यांपैकीं १,७७३ मृत्यु “नैसर्गिक” ह्या सदराखालीं मांडलेले आहेत. रोगानें मेला म्हणजे नैसर्गिक. औषध न पोंचल्यामुळें रोगानें मेला तर तें निसर्गाचें काम कीं कारकुनाचें, ह्याला त्या तक्त्यांत रकाना नाहीं.

मुंबईनें तर कैद्यांचें एक मोठें ऋण घेतलेलें आहे, तें फारच थोड्यांस ठाऊक असेल. सन १८९६-९७ मध्यें ह्या शहरांत गांठीचा ताप आला. त्याच प्लेगानें नारायण मेघाजी लोखंडे गेले, आणि रोग्याला पाठीवर घेऊन धांवणाऱ्या सावित्रीबाई फुले गेल्या. त्या काळीं हाफकिन नांवाच्या विद्वान डॉक्टरनें प्लेगाची लस शोधून काढली. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यानें ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. त्यानंतर त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला, तेव्हां सुमारें दीडशें कैद्यांनीं आपण होऊन दंड पुढें केले. ज्यांनीं टोंचून घेतलें नव्हतें त्यांच्यांत बारा जणांना प्लेग झाला आणि सहा मेले. ज्यांनीं टोंचून घेतलें त्यांच्यांत दोघांस झाला आणि एकही दगावला नाहीं. ह्या हिशेबावर विश्वास ठेवून पुढें लाखो लोकांनीं लस टोंचून घेतली. परळची हाफकिन संस्था आज त्या डॉक्टरच्या नांवानें उभी आहे, तें योग्यच आहे. पण त्या दीडशें दंडांची नांवें कोठेंही कोरलेलीं नाहींत. आपण जिवंत आहों त्यांत कोण्या भुरट्या चोराच्या दंडाचा वांटा आहे, हें लाड लाड म्हणून ओरडणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

भायखळ्याला आज स्त्रियांचा तुरुंग आहे. जुलै २०१८ मध्यें तेथील ऐंशींहून अधिक बायका एकाच दिवशीं आजारी पडून जे. जे. इस्पितळांत न्याव्या लागल्या होत्या. सहा वर्षांखालील मुलांस आईबरोबर तुरुंगांत राहण्याची मुभा आहे. म्हणजे तेथें अशींही माणसें राहतात ज्यांच्यावर कोणत्याही कोर्टांत कोणताही आरोप नाहीं आणि ज्यांना अजून दुधाचे दांत आहेत. त्यांच्यासाठीं मुलांचा डॉक्टर आणि बायांसाठीं बाईडॉक्टर ठरल्या दिवशीं येतो कीं नाहीं, हें पाहणारें कोण ?

सरकारास इच्छा असली म्हणजे काय होतें ह्याचें एक जुनें उदाहरण आहे. जानेवारी १९२४ मध्यें येरवड्याच्या तुरुंगांत गांधीजींच्या पोटांत असह्य दुखूं लागलें. इंग्रज सरकारनें त्यांना पुण्याच्या ससून इस्पितळांत हलविलें आणि १२ जानेवारीच्या रात्रीं कर्नल मॅडॉक ह्या गोऱ्या डॉक्टरनें आंतड्याच्या पुच्छाची शस्त्रक्रिया केली. मध्येंच विजेचे दिवे गेले. कंदील धरून काम पुरें केलें. पुढच्या महिन्याच्या ५ तारखेस सरकारनें त्यांस मोकळें केलें. परक्या सरकारनें आपल्या सर्वांत मोठ्या विरोधकासाठीं कंदील धरला. आपल्या सरकारनें आपल्या सर्वांत लहान माणसासाठीं तो धरावा, इतकें मागणें अवाजवी आहे काय ?

आणि कैद्याचा कैवार ही कांहीं आमच्या परंपरेला नवी गोष्ट नाहीं. सन १८८२ मध्यें कोल्हापूर प्रकरणांत टिळक आणि आगरकर ह्यांच्यावर खटला झाला, तेव्हां जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेट उरवणे ह्या सत्यशोधकानें दहा हजारांचा जामीन भरला. मतें जुळत होतीं म्हणून नव्हे. अडचणींतल्या माणसाच्या पाठीशीं उभें राहावयाचें म्हणून. आगरकरांनीं पुढें डोंगरीच्या तुरुंगांतील एकशें एक दिवसांवर पुस्तक लिहिलें, म्हणून तेथील हाल आपणांस ठाऊक. ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांचे हाल कोणत्या पुस्तकांत शोधावयाचे ?

जातीचा एक मुद्दा येथें ओघानें येतो, तो टाळून चालणार नाहीं. तुरुंगांत झाडूं कोणीं मारावें, संडास कोणीं साफ करावे आणि स्वयंपाक कोणीं करावा हें कित्येक प्रांतांच्या तुरुंग-नियमांत जातीवरून ठरविलेलें होतें. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सुकन्या शांता ह्या पत्रकार बाईंच्या अर्जावर असले नियम घटनाबाह्य ठरविले आणि कैद्यांच्या वहींतील जातीचा रकाना खोडण्यास सांगितलें. बाहेर एवढे कायदे झाले तरी आंत मनूचें राज्य चालूच होतें, हें त्या निकालानें जगजाहीर झालें. आम्ही हें आरोग्याच्या लेखांत कां सांगतों ? कारण घाणींत हात घालणाऱ्यालाच आधीं कावीळ, हगवण आणि खरूज होते. काम जातीवरून वांटलें म्हणजे रोगही जातीवरून वांटला जातो. कागदावर नियम गेला. बराकींत गेला कीं नाहीं तें डॉक्टरची वहीच सांगेल.

समुद्रावर जाणाऱ्या आमच्या बांधवांना हा प्रश्न आणखी एका बाजूनें भिडतो. पालघर आणि गुजराथच्या किनाऱ्याचे मच्छीमार वारा आणि मासळीच्या मागें जातां जातां पलीकडच्या हद्दींत सांपडतात आणि कराचीच्या तुरुंगांत जाऊन पडतात. सन २००८ च्या करारान्वयें दोन्ही सरकारें दर १ जानेवारीस आणि १ जुलैस कैद्यांच्या याद्या एकमेकांस देतात. १ जानेवारी २०२५ च्या यादीप्रमाणें पाकिस्तानांत आपले २१७ मच्छीमार होते आणि आपल्याकडे त्यांचे ८१. डहाणू तालुक्यांतील एक मच्छीमार १७ मार्च २०२४ रोजीं कराचीच्या कैदेंत आजारानें वारला. त्याचें प्रेत घरीं यावयास सहा आठवडे लागले. कोळीवाड्यांतील ज्या बायका घरधनी समुद्रावर गेला म्हणजे दर्याची ओटी भरतात त्यांना ह्या सहा आठवड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाहीं. दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समिति सन २००७ त नेमली होती. तिनें तुरुंगांत जाऊन कैद्यांस भेटावयाचें असे. सन २०१३ नंतर तिची फेरी झालेली नाहीं. ती पुन्हां चालू करावी, आणि बरोबर डॉक्टर द्यावे. परंतु कराचीवाल्यांना आपण कोणत्या तोंडानें म्हणणार कीं आमच्या माणसाला औषध द्या, जर आर्थर रोडच्या आमच्याच माणसाला आमचेंच औषध पोंचत नसेल ?

तर करावें काय ? आमच्या मतें सर्वांत आधीं डॉक्टर मोकळा केला पाहिजे. १८९४ च्या त्या कायद्यांतच मेख मारून ठेवली होती: तुरुंगाच्या आरोग्याचा कारभार डॉक्टरनें पाहावा, पण सुपरिंटेंडेंटच्या ताब्यांत राहून. मालकाच्या दारचा वैद्य मालकाच्या मारहाणीची जखम वहींत कशी लिहील ? ज्याची बदली, रजा आणि शेरा जेलरच्या मर्जीवर, तो जेलरविरुद्ध चिठ्ठी कशी देईल ? नॉर्वेनें १९८८ मध्यें, फ्रान्सनें १९९४ मध्यें आणि इंग्लंडनें २००६ पर्यंत तुरुंगांतलें आरोग्य तुरुंग-खात्याकडून काढून सार्वजनिक आरोग्य-व्यवस्थेकडे दिलें. संयुक्त राष्ट्रांच्या सन २०१५ च्या मंडेला नियमांतही हेंच आहे कीं बाहेरच्या समाजाला मिळते तीच प्रत आंत मिळाली पाहिजे, आणि डॉक्टरचा निर्णय तुरुंगाच्या अंमलदारानें फिरवितां कामा नये. महाराष्ट्र सरकारनें हें करावें. डॉक्टर, परिचारिका, औषधें, सगळें आरोग्य खात्याच्या हिशेबांत घालावें आणि जबाबही त्याच खात्यानें द्यावा.

तुकडीचा प्रश्न त्याहून सोपा आहे. प्रत्येक मोठ्या तुरुंगास इस्पितळाच्या फेऱ्यांसाठींच राखून ठेवलेले पोलीस द्यावे. त्यांना बंदोबस्तास हात लावूं नये. ज्या रोगाला इस्पितळ लागत नाहीं त्यासाठीं मोठ्या इस्पितळांतले डॉक्टर आठवड्यांतून एक दिवस तुरुंगांतच जावे. शंभर कैद्यांना इस्पितळांत नेण्यापेक्षां चार डॉक्टरांना तुरुंगांत नेणें स्वस्त पडतें, हें सांगावयास अर्थशास्त्री नको. नवा कैदी आला त्या दिवशींच त्याचा जुना आजार आणि चालूं औषध लिहून घ्यावें, आणि कैदी ठाण्याहून नाशकास हलविला तर त्याचे कागद त्याच्याबरोबर जावे. हल्लीं माणूस पोंचतो आणि कागद मागें राहतात. घरच्यांना रोगाच्या कागदांची नक्कल मिळावी, आणि माणूस इस्पितळांत हलविला तर त्याच दिवशीं फोन जावा. पुष्कळदां घरच्यांना पहिली बातमी प्रेत ताब्यांत घेण्याची मिळते.

जे फारच आजारी आहेत त्यांना आंत ठेवूंच नये. त्यासाठीं नवा कायदाही नको. नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या ४८० व्या कलमांत, जुन्या कायद्याप्रमाणेंच, आजारी आणि अशक्त माणसाला जामीन देतां येतो असें लिहिलेलें आहे. ४७९ व्या कलमाप्रमाणें पहिल्यांदाच पकडल्या गेलेल्या कच्च्या कैद्यानें त्या गुन्ह्याच्या जास्तींत जास्त शिक्षेचा तिसरा हिस्सा भोगला म्हणजे त्याला सोडावें, असें १ जुलै २०२४ पासून झालें आहे. फांशी-जन्मठेपेचे गुन्हे मात्र वगळून. पण हीं कलमें आपण होऊन तुरुंगाचें दार उघडीत नाहींत. कोणीं तरी यादी करावी लागते, कोणीं तरी अर्ज लिहावा लागतो. जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाचे वकील फुकट मिळतात, हें आमच्या लोकांपैकीं दहांतल्या एकालाही ठाऊक नसतें. ठाऊक असलें तरी फुकटचा वकील म्हणजे कामचुकार असा समज आहे. तो समज नेहमींच खोटा असतो असें म्हणण्याची आमची छाती नाहीं, पण अर्ज न करण्यापेक्षां तो करविलेला बरा.

शेवटीं मढ, भाटी, एरंगळ, मालवणी आणि मार्वे येथील वाचकांस एक सूचना. ज्यांचें माणूस आंत आहे त्यांनीं त्याचे जुने औषधाचे कागद, इस्पितळाचे केसपेपर आणि चालूं गोळ्यांचीं नांवें एका पिशवींत जुळवून ठेवावीं आणि त्यांच्या तीन नकला काढाव्या: एक तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यास, एक कोर्टास आणि एक आपल्यापाशीं. नक्कल देतांना आपल्या प्रतीवर पोंच घ्यावी. पोंच देत नसतील तर रजिस्टर टपालानें पाठवावें आणि पावती जपून ठेवावी. इस्पितळाची तारीख हुकली तर ती कोणत्या दिवशीं आणि कोणतें कारण सांगून हुकली तें तारीखवार लिहून आमच्याकडे धाडावें. अक्षर चांगलें नसलें तरी चालेल. लिहितां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या पोराकडून लिहवून घ्यावें. कोणाचेंही नांव छापलें जाणार नाहीं. अशा तारखा पुरेशा जमल्या म्हणजे त्या एकत्र करून आम्ही उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींकडे आणि आरोग्यमंत्र्यांकडे पाठविणार आहों.